कंटेनर यायच्या आधी

मोहिनीला सुपरवायझर केलं त्या दिवशी लीलाधरनाना तिला म्हणाले होते, "माल सांभाळायला माणसं आहेत. तू माणसं सांभाळ." तेव्हा तिला हे काम सोपं वाटलं होतं. माणसं तर सगळी ओळखीचीच होती. जामनेरहून स्कूटीवर यायचं, सगळ्यांना रामराम घालायचा, कोण कुठे उभं राहील ते सांगायचं आणि संध्याकाळी घरी जायचं. त्यात सांभाळण्यासारखं काय असणार?

नानांचं केळीचं पॅकहाऊस पहूरच्या अलीकडे रस्त्याला लागून होतं. वर पत्रे, मधे पाण्याच्या लांबलचक टाक्या, एका टोकाला वजनकाटा आणि दुसऱ्या टोकाला रिकाम्या खोक्यांची थप्पी. आसपासच्या शेतांतून केळीचे घड यायचे. बायका घडाच्या फण्या सुट्या करून तुरटीच्या पाण्यात सोडायच्या, म्हणजे चीक निघून जायचा. मग पुसणं, वजन करणं, खोक्यात भरणं. भरलेली खोकी थंड कंटेनरमध्ये चढली की केळी बंदराकडे रवाना, आणि तिथून आखातात. तिकडचे व्यापारी भारी चोखंदळ होते. सालीवर नखाएवढा ओरखडा दिसला तरी नाक मुरडायचे.

फण्या काढण्यात भागाबाईचा हात धरणारं कोणी नव्हतं. ती मूळची धुळ्याकडची, पण लग्न होऊन इकडे आली त्याला जमाना झाला होता. बोलायला फटकळ, पण जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला की पहिली भाजी शेजारणीच्या पोळीवर वाढणार. सगळे तिला अक्का म्हणायचे. एरवी ती इकडच्यासारखंच बोलायची, पण डोकं फिरलं की तिच्या तोंडून माहेरची अहिराणी बाहेर पडायची. त्यामुळे अक्का रागावली आहे हे कळायला तिच्याकडे बघावं लागत नसे, कान पुरेसे होते.

शेतातून घड कापून आणायचं काम रुपसिंगच्या टोळीकडे होतं. रुपसिंग सातपुड्याच्या पायथ्याकडचा, पावरा आदिवासी समाजाचा. उंच, शिडशिडीत आणि मोजकं बोलणारा. त्याच्या टोळीत त्याचा पुतण्या बादल होता. बादलची बायको सुनिता मात्र आत, टाकीपाशी, बरोब्बर भागाबाईच्या शेजारी उभी राहायची. सुनिताला काम शिकवलं ते भागाबाईनेच. सुरी कशी धरायची, फणी देठाला किती ठेवून कापायची, चीक अंगावर उडाला तर काय करायचं, सगळं. दोघींच्या दिवसभर गप्पा चालायच्या आणि त्या गप्पांत बहुतेक भागाबाईच बोलायची.

त्या सकाळी ट्रॅक्टर उशिरा आला. संध्याकाळी कंटेनर लागणार होता आणि माल भरपूर भरायचा होता. बायका टाकीपाशी ताटकळून कंटाळल्या होत्या. ट्रॅक्टर आला तशी रुपसिंगच्या माणसांनी घड उतरवून हुकांना टांगायला सुरुवात केली. भागाबाईने पहिल्या घडाच्या फण्यांमधे घातलेला फोम बाजूला करून पाहिला. ओरखडे. दुसरा पाहिला. त्यावरही ओरखडे, शिवाय चिखलाचे शिंतोडे.

"हाई काय शे?" ती म्हणाली.

काट्याजवळ उभ्या असलेल्या मोहिनीने चटकन मान वर केली. अहिराणी सुरू झाली होती.

"वाट खराब होती अक्का," रुपसिंग म्हणाला.

"वाट खराब व्हती म्हणे. बठ्ठा माल खराब करी टाका." मग भागाबाई सगळ्यांकडे वळली आणि पत्र्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "जंगलातून उठून येतात. लाकडाच्या मोळ्या वाहिलेले हात हे. यांना केळं धरायचं काय कळणार?"

रुपसिंगच्या खांद्यावर एक घड होता. त्याने तो अगदी हळू, जणू झोपलेलं मूल ठेवावं तसा, हुकाला टांगला. घड टेकवायला खांद्यावर घेतलेली गादी काढली, घडी केली आणि बाहेर जाऊन कडुनिंबाखाली बसला. बादल त्याच्यामागे गेला. मग टोळीतले बाकीचे एकेक करून गेले. ट्रॅक्टर अर्धा भरलेलाच राहिला.

टाकीपाशी सुनिताची सुरी थांबली होती. तिने कोणाकडे पाहिलं नाही. थोड्या वेळाने मान खाली घालून तिने परत फण्या काढायला सुरुवात केली.

मोहिनी काट्यापासून पुढे आली. महिन्याभरापूर्वी नानांनी तिला जळगावला एका दिवसाच्या शिबिराला पाठवलं होतं. एका हॉटेलच्या गार हॉलमध्ये टाय लावलेल्या सरांनी कामाच्या जागेवरची भांडणं कशी हाताळायची ते शिकवलं होतं. खोल श्वास घ्या, भावनेला नाव द्या, समोरच्याच्या जागी उभं राहून बघा. मोहिनीला ते सगळं पटलं होतं. आता वापरायची वेळ आली होती.

तिने सगळ्यांना आत बोलावलं. बाहेरचेही आले, मोहिनीताईंचा मान राखायला म्हणून. टाक्यांच्या मधल्या जागेत एका बाजूला बायका, एका बाजूला पुरुष, असे सगळे उभे राहिले.

"आपण सगळे डोळे मिटू या," मोहिनी म्हणाली. "आणि एक खोल श्वास घेऊ या."

काट्यावरची दिपमाला फिस्सकन हसली आणि खोकल्याचं निमित्त करून तिने तोंड फिरवलं. रुपसिंगने मात्र सांगितल्याप्रमाणे डोळे मिटले, श्वास घेतला, सोडला, डोळे उघडले.

"झालं का ताई?" त्याने विचारलं. चेष्टेने नाही, खरंच विचारलं.

"माझा श्वास चांगला चालला आहे," भागाबाई म्हणाली. "श्वासाला काय धाड भरली? माल बघा तुम्ही, माल."

मोहिनी गडबडली. शिबिरात पुढची पायरी काय होती ते तिला आठवेना, म्हणून तिने घाईघाईने शेवटची घेतली. "बरं, मग दोघांनी एकमेकांची माफी मागा आणि विषय संपवा."

"मी? अन् कशाची?" भागाबाई म्हणाली.

"आम्ही काय केलं?" बादल पहिल्यांदाच बोलला, आणि रुपसिंगने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाहेर नेलं. टोळी पुन्हा झाडाखाली गेली. पहिल्यांदा बसले होते तेव्हा ते एकमेकांकडे तोंड करून बसले होते. आता सरळ पॅकहाऊसकडे पाठ केली.

तेवढ्यात फोन वाजला. नाना होते. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती, बहुधा ट्रॅक्टरवाल्याने पोचवली असावी.

"मी निघालोय," नाना म्हणाले. "कामबंद म्हणजे काय? कोण कोण आहेत ते सांगून ठेव. आल्या आल्या सगळ्यांना घरचा रस्ता दाखवतो."

"नाना, ऐका तरी," मोहिनी म्हणेपर्यंत फोन बंद झाला होता.

ती खोक्यांच्या थप्पीमागे गेली. तिथे पाण्याचा माठ होता. एक ग्लास पाणी पिऊन ती भिंतीला टेकून उभी राहिली. तिच्या लक्षात आलं, सर्वांत जास्त तापलेलं माणूस इथे आपणच आहोत. असं बोलल्याबद्दल भागाबाईचा राग आलाय, नेमकी आजची वेळ साधली म्हणून रुपसिंगचा राग आलाय, नानांचा आलाय, आणि त्या टायवाल्या सरांचा तर फारच आलाय. आणि भीती आहे ती वेगळीच. सहा महिनेही झाले नाहीत तोवर हिला जमत नाही असं लोक म्हणतील, ही ती भीती. एवढं सगळं डोक्यात घेऊन आपण दुसऱ्यांना श्वास घ्यायला सांगत होतो. तिला स्वतःचंच हसू आलं. अजून एक ग्लास पाणी पिऊन ती बाहेर आली.

ती कडुनिंबाखाली गेली, तिथे पडलेला एक रिकामा क्रेट उलटा केला आणि त्यावर बसली. काही बोलली नाही. रुपसिंग तळहातावर तंबाखू मळत होता. रस्त्याने एक एसटी गेली, तिची धूळ खाली बसली.

शेवटी तिने विचारलं, "रुपसिंगभाऊ, सकाळी शेतात काय झालं?"

त्याने तंबाखूची चिमूट तोंडात टाकली. मग सांगू लागला.

"पाटलांच्या शेतातल्या ठिबकचा मोठा पाइप फुटला रात्रीतून. केळीच्या मधल्या वाटेत बठ्ठा चिखल. ट्रॅक्टर आत येईना. मग काय, एकेक घड खांद्यावर घेऊन आम्ही बांधापर्यंत आलो. गुडघ्याएवढा पाय जाई. बाजूच्या झाडांची पानं घासणार, देठं घासणार. ओरखडे पडले, मी नाही म्हणत नाही. हा बादल पडला."

"पडला?"

"पाय घसरला. पण घड नाही टेकू दिला त्याने खाली. वर धरून ठेवला आणि स्वतः पडला." रुपसिंगने पुतण्याचा हात धरून कोपर वळवून दाखवलं. कोपरापासून मनगटापर्यंत सोलवटलं होतं, चिखल वाळून जखमेला चिकटला होता. "केळ्याला लागलं ते अक्काने बघितलं. याला लागलं ते कोणी नाही बघितलं. आणि वरून ते जंगलाचं बोलणं."

"वाईट वाटलं तुम्हाला," मोहिनी म्हणाली.

रुपसिंगने विचार केला. "वाईट वाटलं. रागबी आला. दोन्ही आहे."

"बरोबर आहे. अक्का बोलल्या ते चूक होतं, आणि मी काट्यापाशी उभी राहून ऐकलं. तिथल्या तिथे बोलायला पाहिजे होतं, बोलले नाही. आता त्यांना सांगणार आहे. तुम्ही लगेच उठा असं मी म्हणत नाही. बादल, तू मात्र चल, आधी हे धुऊ."

तिने बादलला नळावर नेऊन हात धुवायला लावला आणि ऑफिसातल्या पेटीतलं मलम लावलं. मलम झोंबल्यावर बादलने तोंड वाकडं केलं, पण तो हसला. एवढं झालं म्हणून टोळी उठून कामाला लागली नाही. पण परत गेल्यावर बादल पॅकहाऊसकडे तोंड करून बसला, हे मोहिनीने पाहून ठेवलं.

मग ती टाकीपाशी गेली. भागाबाईच्या शेजारची एक सुरी उचलून तिने समोरच्या घडाच्या फण्या काढायला सुरुवात केली. सुपरवायझर झाल्यापासून तिने सुरी धरली नव्हती. भागाबाईने तिच्या हाताकडे एकदा तिरपं पाहिलं.

"देठ जास्त ठेवा," ती म्हणाली.

मोहिनीने देठ जास्त ठेवला. दोघी काम करत राहिल्या. पलीकडे सुनिता होती. रोज या जागेवर भागाबाईच्या आवाजाने कान किटायचे. आज फक्त पाण्यात फण्या पडल्याचे आवाज येत होते.

"सुनिता, तो फोम दे गं," भागाबाई म्हणाली.

सुनिताने फोम दिला. बोलली नाही.

"पाणी पिऊन ये, कधीची उभी आहेस."

सुनिताने नुसती मान हलवली. भागाबाईचा हात क्षणभर थबकला.

"अक्का," मोहिनी हळू आवाजात म्हणाली, "मघाशी तुम्ही जंगलाचं बोललात ते बरोबर नव्हतं. मालाबद्दल बोलायचा तुम्हाला हक्क आहे. माणसं कुठून आली त्याबद्दल बोलायचा नाही. हे मी सुपरवायझर म्हणून सांगते." एवढं सांगून झालं तेव्हा तिचं तिलाच आश्चर्य वाटलं, कारण आवाज अजिबात थरथरला नाही. "आता मला दुसरं सांगा. ओरखडे याआधीही आलेत. तुम्ही कुरकुर करता आणि फणी बाजूला टाकता. आज असं काय झालं?"

भागाबाईने सुरी पाण्यात बुडवून घेतली. तिने एक फणी काढली, पाण्यात सोडली, दुसरी काढली. मग खाली पाण्याकडे बघत म्हणाली, "माले भ्याव वाटस."

"कशाचं भ्याव?"

"मागची खेप डागांमुळे बंदरावरून परत आली तेव्हा नानांनी सगळ्यांच्या देखत विचारलं. फण्या कोण काढत होतं म्हणून. अन् माझ्याकडे बोट केलं. मी म्हटलं नाना, माझ्या हातून गेला तेव्हा माल काचेसारखा होता. तर म्हणे वय झालं आता, डोळे तपासून घ्या." तिने हातातली फणी पाण्यात सोडली. "इतकी वर्षं काम केलं. पोरीबाळी बघत होत्या. तेव्हापासून डाग दिसला की छातीत धडधड होते. वाटतं, हाबी माझ्यावरच येणार. आज कंटेनर, आजच डाग. म्हणून तोंडातून निघून गेलं ते."

मोहिनीला तो दिवस आठवला. तेव्हाही ती तिथेच होती. नानांचं बोलून झाल्यावर सगळे पांगले होते आणि भागाबाई टाकी घासत बसली होती, घासून झालेली टाकी पुन्हा. कोणी तिला काही विचारलं नव्हतं.

"नानांशी मी बोलते," मोहिनी म्हणाली.

"नको व बाई. आणखी चिडतील."

"चिडले तर चिडले. पण अक्का, रुपसिंगभाऊंचं राहू द्या क्षणभर. तुमच्या शेजारी कोण उभं आहे ते बघा."

भागाबाईने मान वळवून सुनिताकडे पाहिलं आणि बघतच राहिली. तिच्या चेहऱ्यावरून स्पष्ट दिसत होतं की ही गोष्ट आत्तापर्यंत तिच्या डोक्यात आलीच नव्हती. तिच्या लेखी सुनिता म्हणजे सुनिता होती, टाकीवरची पोरगी. ती कुठून येते हे माहीत असूनही त्या शब्दांच्या वेळी आठवलं नव्हतं.

"सुनिता," ती म्हणाली.

सुनिताने सुरी खाली ठेवली. "मीबी तिथलीच आहे अक्का," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "माझ्या आईनेबी मोळ्या वाहिल्या."

भागाबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. हात चिकाने बरबटलेले, म्हणून तिने दंडाने डोळे पुसायचा प्रयत्न केला आणि चीक गालाला लागला. सुनिताने आपल्या पदराचं टोक ओलं करून तिचा गाल पुसला. चिकाचा डाग निघत नाही हे दोघींनाही ठाऊक होतं, तरी ती पुसत राहिली.

मोहिनी तिथून बाजूला झाली, कारण फाटकात नानांची गाडी शिरत होती.

ती धावतच फाटकाशी गेली. नाना पांढऱ्याशुभ्र पँटशर्टात खाली उतरले. चेहरा लाल झाला होता.

"कुठे आहेत ते?"

"नाना, आत जायच्या आधी माझं एक काम करा. पाटलांच्या केळीत जाऊन वाट बघून या. माल तिथेच अडकला आहे. तुम्ही बघितल्याशिवाय मला काही ठरवता येत नाही."

"मी बघू?"

"तुमच्याशिवाय कोण बघणार? शेतकऱ्याशी तुम्हीच बोलू शकता."

हे खोटंही नव्हतं. नानांनी झाडाखाली बसलेल्या टोळीकडे रागाने पाहिलं, मग घड्याळ पाहिलं आणि पुटपुटत गाडीत बसले. गाडी गेली तेव्हा कुठे मोहिनीने श्वास सोडला, आणि तो खरोखरच खोल होता.

नाना परत आले तेव्हा दिपमालाला पुन्हा खोकला आला. नानांची पँट गुडघ्यापर्यंत काळीभोर झाली होती, एका पायात बूट होता, दुसरा हातात. मागच्या बाजूला चिखलाचा भलामोठा ठसा होता, त्यावरून ते कुठे आणि कसे बसले असतील ते सगळ्यांना कळलं. रागाचा पत्ता नव्हता. चिखलातून स्वतःला ओढून काढताना तो तिकडेच कुठेतरी राहिला असावा.

"अरे, तिथून माणूस चालत येऊ शकत नाही," ते मोहिनीला म्हणाले. "हे लोक घड घेऊन आले कसे?"

"तेच सांगायचं होतं." मोहिनीने त्यांना ऑफिसात नेलं, चहा मागवला आणि दार लोटून घेतलं. मग तिने मन घट्ट करून मागच्या खेपेचा विषय काढला. भागाबाईकडे बोट कसं केलं, डोळ्यांबद्दल काय बोलले, आणि तेव्हापासून ती काय घेऊन फिरते आहे, सगळं. सांगताना मोहिनी नानांकडे न बघता त्यांच्या बुटाकडे बघत होती.

नानांनी चहा बशीत ओतला.

"त्या मालाचं कळलं होतं मला नंतर," ते म्हणाले. "गाडीत खोकी नीट रचली नव्हती. घासली गेली. बंदरावरच्या एजंटाचा फोन आला होता."

"मग सांगितलं का नाहीत?"

"राहून गेलं." ते ओशाळले. "आता बोलावून सांगतो तिला."

"बोलावून नको नाना. बोललात सगळ्यांसमोर, मग सांगणंही सगळ्यांसमोरच पाहिजे."

आपण मालकाशी असं बोललो याचा मोहिनीला नंतर कितीतरी दिवस धसका होता. पण नाना उठले, तसेच एक बूट घालून टाकीपाशी गेले आणि घसा खाकरून म्हणाले, "मागच्या खेपेचे डाग गाडीत पडले होते. इथे नव्हते पडले. भागाबाईंचं काम चोख होतं. मी उगाच बोललो." मग काय करावं ते न सुचून त्यांनी एक फणी उचलून निरखून पाहिली आणि परत ठेवली.

भागाबाई "बरं" म्हणाली. तेवढंच. पण तिने पदर खोचला, टाकीपासून निघाली आणि सरळ कडुनिंबाखाली गेली. बायका पत्र्याच्या सावलीत उभ्या राहून बघू लागल्या. मोहिनीला मागे जावंसं वाटलं, पण तिने स्वतःला आवरलं.

"रुपसिंगभाऊ, मी वाईट बोलली," भागाबाई म्हणाली. "माल खराब म्हणून बोलली असती तर गोष्ट वेगळी. ते जंगलाचं बोलायला नको होतं. माझी चूक झाली."

रुपसिंग उभा राहिला. मोठं माणूस समोर उभं असताना बसून राहणं त्याला जमण्यासारखं नव्हतं.

"अक्का, तुम्ही आलात, ऐकलं मी," तो म्हणाला. "पण तो शब्द काही इतक्या लवकर जायचा नाही. जाईल तेव्हा जाईल."

"बरोबर आहे तुमचं," भागाबाई म्हणाली. मग तिची नजर बादलच्या हाताकडे गेली. "हे काय झालं रे? दाखव इकडे. अन् हे मलम कोणी लावलं? असं लावतात का? लिंपण केलंय नुसतं."

बादल हसला. टोळीतले बाकीचेही हसले. रुपसिंग हसला नाही, पण त्याने गादी उचलून खांद्यावर टाकली.

पुढचं काम कामासारखं झालं. वाटेवर अंथरायला नानांनी केळीचे कापलेले खांब आणि जुने फोम पाठवले. मोहिनीने एक बदल केला. ट्रॅक्टर आला की रुपसिंग आणि भागाबाई दोघांनी मिळून घड बघायचे, खराब असेल तो तिथेच बाजूला काढायचा आणि कारण एकमेकांना सांगायचं. पहिल्या फेरीला दोघंही फार जपून बोलत होते, नवीन सोयऱ्यांसारखे. दुसऱ्या फेरीला भागाबाई म्हणाली, "हा चालणार नाही." रुपसिंग म्हणाला, "हा चालेल, नीट बघा." तिने नीट पाहिलं आणि तो घड ठेवून घेतला. तिसऱ्या फेरीला त्यांचा आवाज चढला, पण तो केळ्यावरून होता, म्हणून मोहिनी काट्यावरून हललीच नाही.

कंटेनर आला तेव्हा माल पूर्ण भरून झाला नव्हता. ड्रायव्हर नवल थोडा वेळ कटकट करत राहिला, पण भागाबाईने त्याला चहा आणि वर दोन केळी दिल्यावर तो गाडीखाली सावलीत पथारी टाकून आडवा झाला. दिवस मावळायच्या सुमारास शेवटचं खोकं चढलं. ओरखड्यांचा माल जळगावच्या बाजारासाठी वेगळा काढून ठेवला होता, तोही काही थोडाथोडका नव्हता. नानांनी त्याच्याकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मोहिनीकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

मोहिनी स्कूटीवर निघाली. पॅकहाऊस मागे पडलं आणि दिवसभर कुठे लपलं होतं कोण जाणे, तिला एकदम रडू कोसळलं. दुःखाचं नव्हतं ते. सकाळपासून सगळ्यांचं थोडं थोडं घेऊन ती फिरत होती, रुपसिंगचं, अक्काचं, नानांचं, आणि ते आता सांडत होतं. तिने रस्त्याकडेच्या रसवंतीपाशी गाडी लावली, रस सांगितला आणि नवऱ्याला फोन लावला. जितेंद्रचं जामनेरला मोटारपंप दुरुस्तीचं दुकान होतं. मागून ठोकाठोकीचा आवाज येत होता.

"काय गं, निघाली का?"

"निघाले. थांबले आहे वाटेत. आज फार झालं."

"काय झालं? नाना बोलले का? हे बघ, तू त्यांना सरळ सांगून टाक की—"

"काही सांगायचं नाहीये त्यांना. तू फक्त ऐक. मधे बोलू नको, सल्ला देऊ नको."

पलीकडे ठोकाठोकी थांबली. जितेंद्रने कोणालातरी "दहा मिनिटं थांबा भाऊ" म्हटल्याचं ऐकू आलं. मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"सांग," तो म्हणाला.

रसवाल्याने घुंगरांचा चरक चालू केला. मोहिनीने ओढणीने नाक पुसलं, ग्लास हातात घेतला आणि ट्रॅक्टर उशिरा आला तिथपासून सांगायला सुरुवात केली. नानांच्या बुटापाशी आली तेव्हा तिला इतकं हसू आलं की रस सांडला, आणि जितेंद्र पलीकडून विचारत राहिला, "म्हणजे? दुसरा बूट कुठे होता?"